सरासरीची सरळ रेष

२ तारीख, सोमवार
निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी! शाळेच्या पहिल्या दिवसासारखं वाटतंय. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत मोजमापाची खोली मला दिली आहे. काम मोठं नाजूक: बेशुद्ध रुग्णांच्या कपाळावर चकत्या चिकटवून मेंदूतला संकेत तारेवाटे संगणकात उतरवायचा. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यातले मोजकेच हाती लागतात. जणू फुलपाखराची सावली तोलायची. पंखा, दिवे, भिंतीतल्या तारा, सगळे मध्ये गुणगुणतात. मी तारांना पीळ दिला, वरच्या जाळीचं अर्थिंग एकाच टोकाला ठेवलं. गुणगुण विरली. परिचारिका म्हणाली, तारवाले आजोबा, आता माझी बडबडही अशीच बंद करू नका म्हणजे झालं.

४ तारीख, बुधवार
पाचव्या खाटेवर बालवर्गाच्या बाई आहेत. अपघातापासून डोळे मिटलेले. लेक उशाशी बसून त्यांनी शिकवलेल्या कविता त्यांनाच म्हणून दाखवते. चाल तीच, आमच्या शाळेत आम्ही हाताची घडी घालून म्हणायचो ती! ती पाणी आणायला उठली तेव्हा पुढचं कडवं मीच म्हटलं; नोंद चालूच होती. परत आल्यावर हसून म्हणाली की काका, आई ऐकते हो, विचारा तुमच्या यंत्राला. डॉक्टरांनी मात्र बाजूला घेऊन बजावलं: शुक्रवारी रेषेत काही दिसलं तर थांबू, नाहीतर श्वासाचं यंत्र काढू.

६ तारीख, शुक्रवार
रेषेवर बारीक उंचवटे होते, पण केव्हाही उगवणारे. लेकीचा हात तारेला लागत असणार, असं धरून चाललो. डॉक्टरांना स्वच्छ रेष हवी होती. मी प्रत्येक कवितेच्या सुरुवातीपासूनचे तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढली. पाटीवर पट्टीनं ओढावी तशी सरळ रेष आली. अभिमानानं दाखवली. लेकीनं विचारलं, काका, नीट बघितलंत ना? मी हो म्हणालो. दुपारी श्वासाचं यंत्र काढलं.

९ तारीख, सोमवार
जे दर वेळी त्याच क्षणी येतं, तेच सरासरीत टिकतं. कधी लवकर, कधी उशिरा येणारं पुसलं जातं. हे मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं. आज कच्च्या नोंदी उघडल्या. दर कवितेत उंचवटा आहे. बुधवारी लेक पाण्याला गेली होती, तारेजवळ कुणी नव्हतं, मी कडवं म्हणत होतो, तेव्हाही आहे. बाई चाचपडत का होईना, उत्तर देत होत्या. डॉक्टरांना सांगायला त्यांच्या दारापर्यंत गेलो. तसाच परतलो.

१० तारीख, मंगळवार
पाचव्या चॅनेलवर, म्हणजे बाईंच्या खाटेच्या रेषेवर, उंचवटे. तिथं आता तारच नाही. रिकाम्या चॅनेलवर शेजारचा संकेत रेंगाळतो, हे जुनं दुखणं; म्हणून त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली. आता शून्य यायला हवं.
शून्य येत नाही.

११ तारीख
कवितेची एक ओळ म्हटली. उंचवटा. गप्प बसलो — काही नाही. पुन्हा म्हटली —
लेकीचा फोन आला. यंत्र काढताना आईला कळलं तर नसेल ना, विचारत होती. मी म्हणालो, नाही गं पोरी. पाचवी रेष पडदा सोडून वर गेली.

१२ तारीख, सकाळ
चकत्या स्वतःच्या कपाळावर लावल्या. तीच सरासरी. कविता म्हटल्या, रडलो, लिहितोय — आणि माझी रेष सरळ. जित्याजागत्या माणसाची. म्हणजे तिथं कुणीही असतं तरी मी —

दुपार
सरासरी बंद केली. तरी सरळ. पाचवीवर मात्र माझा प्रत्येक शब्द उमटतोय. चकत्या निघत नाहीत. जीभ वळत नाही. बाई, चुकलो —

डॉक्टर आलेत. परिचारिका रडतेय, म्हणते आजोबा खुर्चीतच गेले. डॉक्टर माझ्या सरळ रेषेकडे बघतायत. हाताकडे बघा, हाताकडे — ती बोटांतलं पेन सोडवतेय, मी अजू