मिनेकोआत्याचं मरण आणि सातवा भाग

ओजिया,
२३ नोव्हेंबर १९९६

चि. तोमोनोरी यास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, मी बुधवारी वारले असं काल कळलं.

आठ महिने आपण एकमेकांना ओळ लिहिलेली नाही, तेव्हा ही बातमी मला परक्याकडून कळावी यात नवल नाही. पोस्टमन काळ्या किनारीची तार घेऊन आला आणि टोपी काढून दारात उभा राहिला. कोण गेलं म्हणून मी विचारलं. त्याने पाकिटावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि सही मागितली. मी केली. तारेबरोबर पांढरी शेवंती आहे, उदबत्तीचा पुडा आहे आणि खाली तुझे विभागप्रमुख हिराबायाशी यांचं नाव आहे. शेवंती ताजी निघाली, पाण्यात ठेवली आहे.

मी कशाने गेले तेवढं कळव. शेजारच्या ओसाकाबेबाई दोनदा विचारून गेल्या, त्यांना काहीतरी सांगावं लागेल. शिवाय लोणच्याच्या पिंपात घालायला पन्नास मुळे वाळवून ठेवलेत. ते मी घालायचे की राहू द्यायचे, तेही कळव.

पेपरात वाचलं की 'पांढऱ्या कोल्ह्याचा प्रवास' या टीव्हीवरच्या खेळाचा सातवा भाग गुरुवारी दुकानात आला. म्हणजे बुधवारी मी गेले आणि गुरुवारी तो आला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली असली तरी दोन आणि दोन किती होतात ते मला येतं. पहिले सहा भाग आपण दोघं आपल्या होशिमारू यंत्रावर खेळलो. होशिमारू बनवणारे लोक आधी भोवरे बनवायचे, खेळ त्यांच्या हाडात आहे. हा सातवा मात्र त्या गिंगा नावाच्या यंत्रावर आलाय, आणि गिंगावाले रेडिओ बनवतात. मार्चमध्ये तू फोनवर म्हणालास की सातव्या भागासाठी तूही गिंगा घेणार, तेव्हा मी सांगितलं होतं की तो डबा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तो शब्द अजून कायम आहे. मेलेल्या माणसाला शब्द मागे घेता येत नाही.

गारठा वाढलाय, स्वेटर घालत जा. माझ्या तब्येतीची चौकशी करण्यात आता अर्थ नाही.

तुझी कै. आत्या,
मिनेको


ओमिया,
२७ नोव्हेंबर

ती. मिनेकोआत्यास,
तोमोनोरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यातच उभ्याने वाचलं. तू हृदयविकाराने गेलीस. झोपेत गेलीस, त्रास झाला नाही. मुळे घाल.

आत्या, मी हे ठरवून केलं नाही गं. गेल्या वर्षी एक मोठा खेळ आला त्या दिवशी आमच्या मजल्यावर अकरा जणांचं पोट एकदम बिघडलं. तेव्हापासून नव्या खेळाच्या दिवशी पोट, दात, कंबर काही चालत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागते. मी फक्त तू आजारी आहेस एवढंच सांगणार होतो. ओजियाची आत्या, एवढं तोंडातून गेलं आणि पुढचा शब्दच फुटेना. हिराबायाशी साहेबांनी हळूच विचारलं की गेल्या का. मी मान खाली घातली. झालं! सगळा विभाग खुर्च्या सरकवून उभा राहिला आणि कमरेतून वाकला. त्यानंतर तुला जिवंत करायला जागाच उरली नाही. आत्यासाठी रजा एक दिवस असते, पण तू मला वाढवलंस हे कळल्यावर त्यांनी आईचे म्हणून पाच दिवस दिले.

गुरुवारी पहाटे पाचला दुकानापुढे रांगेत लागलो. माझा नंबर दोनशे बारा. रस्त्यापलीकडे होशिमारूवाल्यांचं एक टोळकं आम्हाला फितूर, फितूर म्हणून ओरडत होतं. मी मान खाली घातली. आदल्या दिवसापासून मानेला ती सवयच लागली होती. पण आत्या, खेळ काय सुंदर आहे! समुद्र असा येतो की पाय ओले होतील म्हणून मी पाय वर घेतले. फक्त तिसऱ्या गावात अडकलोय. सहा दिवस एका विहिरीभोवती फिरतोय आणि वाट सापडत नाही. नकाशे नेहमी तू काढायचीस.

इकडे मी सुतकात आहे. वर्षअखेरच्या पार्टीतून माझं नाव काढलं. ऑफिसातल्या एका बाईंनी, यंदा मला नववर्षाची कार्डं पाठवू नयेत असं लोकांना कळवणारी सुतकाची कार्डं छापून आणून दिली. कँटीनच्या मावशी सहानुभूतीने माझ्या ताटातला मासा काढून टोफू वाढतात. मला टोफूचा वीट आलाय.

खरं संकट पुढेच आहे. साहेबांची सासुरवाडी ओजियाजवळच्या नागाओकाची. तुझ्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी ७ जानेवारीला पडतो, म्हणून आधीच्या रविवारी, ५ तारखेला, ते तुझ्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायला जातीने येणार आहेत. मला मार्चमध्ये कायम करायचं की नाही ते त्यांच्या सहीवर आहे. त्या दिवशी तू जिवंत निघालीस तर माझी नोकरी गेली. पाया पडतो, ४ आणि ५ तारखेला गरम झऱ्यांवर जा. किल्ली दुधाच्या पेटीत ठेव, फोटो आणि काळी फीत मी लावतो.

मायेला पात्र नसलेला, तरी ती मागणारा,
तोमोनोरी


ओजिया,
२ डिसेंबर

चि. तोमोनोरी यास,
अ. उ. आ.

मुळे घातले.

मेल्या, मला मारलंस ते मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण रेडिओवाल्यांसाठी मारलंस! भोवरेवाल्यांसाठी असतं तर मीच तुझ्या ऑफिसात फोन करून कण्हले असते. आणि वर मलाच घराबाहेर काढतोस. जिवंत होते तेव्हा आठ महिन्यांत तुला या घराची किल्ली आठवली नाही, आता दुधाच्या पेटीत ठेवू होय? मी कुठल्याही झऱ्यावर जाणार नाही. एकोणपन्नास दिवस जीव घरातच घुटमळतो म्हणतात, तशी मी घुटमळते आहे.

ओसाकाबेबाईंना सगळं सांगितलं. त्या हसून हसून खोकल्या आणि मग म्हणाल्या की थोरली बहीण म्हणून दार उघडा. मी म्हटलं, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असल्या जर-तरने पाहुणा परत जात नाही.

सहावा भाग तू सोडून गेलास तिथेच आहे, शेवटच्या धरणाशी. नकाशा पुरा झालाय, कुठे वळायचं ते डोळे मिटून सांगेन. पण तिथे दोन बटणं एकदम दाबावी लागतात आणि थंडीत माझी बोटं वळत नाहीत. एकशे चाळीस वेळा बुडाले. मोजायचं नंतर सोडून दिलं.

एक विचारायचंय. तारेत असं लिहिलंय की, बोलणं बंद झालेल्या मुलाच्या शेजारी ज्या चार महिने बसल्या आणि ज्यांनी त्याला एकदाही बोल म्हटलं नाही, त्या मातेसमान स्त्रीस. हे ऑफिसला कुणी सांगितलं? मला तर तू कधीच बोलला नाहीस. तार मी देव्हाऱ्यात ठेवली आहे, माझीच असली तरी.

राग आहेच, मायाही आहे. दोन्हींची पोच दे.

तुझी आत्या


ओमिया,
९ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मीच सांगितलं. तारेत काय लिहावं म्हणून साहेबांनी विचारलं की त्या कशा होत्या. मी दोन वाक्यांत आटपणार होतो, पण अर्धा तास बोललो. बाबा गेल्यावर अकरा वर्षांचा मी तुझ्याकडे आलो तेव्हा तोंड शिवल्यासारखा होतो. तू कुठून तरी होशिमारू आणलास, माझ्या हातात दिलास आणि शेजारी कोतात्सूच्या, त्या शेगडीच्या टेबलाच्या, गोधडीत पाय घालून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढायला लागलीस. चौथ्या महिन्यात तू पूल चुकीच्या बाजूला काढलास. मी म्हटलं, डावीकडे. तो माझा पहिला शब्द. तू काही म्हणाली नाहीस, फक्त खोडरबर मागितलंस.

हे सांगता सांगता मला रडू फुटलं, खरंखुरं. सगळ्यांना ते दुःख वाटलं. संध्याकाळी गाडीत अशी भीती भरली की मधल्याच स्टेशनात उतरून तुला फोन केला. तू हॅलो म्हणालीस आणि मी ठेवून दिला. आत्या, खोटं एवढंच होतं की तू गेलीस. बाकी अर्धा तास मी एक शब्दही खोटा बोललो नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं, आणि सांगितलं ते ऑफिसातल्या फरशा विकणाऱ्या माणसांना. माझी मलाच लाज वाटते.

साहेबांना खरं सांगायला रोज सकाळी उठतो. ते माझ्याकडे इतक्या मायेने बघतात की परत बसतो. ५ तारखेला मी बाराच्या आत पोचेन. साहेब दोनला येतील. मधल्या दोन तासांत काय ते ठरवू.

तुझाच,
तोमोनोरी


ओजिया,
१६ डिसेंबर

चि. तोमोनोरी यास,
अ. उ. आ.

तो फोन तुझाच हे मला तेव्हाच कळलं होतं. नुसता श्वास ऐकवून फोन ठेवणारं माझं दुसरं कोण आहे?

५ तारखेला मी घरीच आहे आणि चार जणांच्या सोबा शेवया करणार आहे. कोण जिवंत, कोण मेलं ते येणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी बघावं. मी मेल्याचं सोंग करणार नाही. खरं तू सांगावंस अशी माझी इच्छा आहे, पण तुझ्या तोंडात बोट घालून शब्द काढायचं काम मी तेव्हाही केलं नव्हतं.

तुझ्या तिसऱ्या गावाचा नकाशा मागू नकोस. न पाहिलेल्या गावाचा नकाशा मी काढत नाही. मुळ्याचं लोणचं पार्सलने पाठवलंय, टोफूबरोबर खा.

आत्या


ओमिया,
८ जानेवारी १९९७

श्रीमती मिनेको काझामा यांस,
हिराबायाशी यांचा सा. न. वि. वि.

थंडी ऐन भरात आहे. आपल्या निधनानंतर आपण खुशाल असाल अशी आशा करतो.

५ तारखेच्या आदरातिथ्याबद्दल आभार मानण्यास हे पत्र लिहीत आहे. दोन वाजता मी दार वाजवलं. दार आपणच उघडलंत आणि म्हणालात की गेलेली ती मीच, आत या, बाहेर गारठा आहे. सव्वीस वर्षं मी न्हाणीघराच्या फरशा विकतो आहे. अशा प्रसंगी काय बोलावं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. उदबत्ती आणलीच होती म्हणून लावली. आपणही शेजारी बसून हात जोडलेत, त्यामुळे संकोच थोडा कमी झाला.

मला राग आला होता, हे लपवत नाही. तो बोलून दाखवणार तोच आपण खेळाचं यंत्र माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात की राग नंतर, आधी मी सांगेन तेव्हा दोन्ही बटणं एकदम दाबा. मी दाबली. पुष्कळ वेळा बुडालो. चार वाजून पाच मिनिटांनी त्या कोल्ह्याची नौका धरणापलीकडे गेली आणि आपण माझ्या पाठीत थाप मारलीत. मला असं शेवटचं कुणी केलं ते आठवत नाही.

तेवढ्यात ओसाकाबेबाई सांगत आल्या की अंगणात एक माणूस उभा आहे. गाडी बर्फात अडकल्याने तोमोनोरी अडीचला पोचला होता आणि दारातले माझे बूट पाहून दीड तास बाहेरच थांबला होता. टोपीवर चार बोटं बर्फ होता. अंगात कोट नव्हता, कारण कोट पाठपिशवीतल्या त्या दुसऱ्या यंत्राला गुंडाळला होता. त्याने उभ्या उभ्या मला सगळं खरं सांगितलं. मला ते तोवर माहीत होतं, पण मी मध्ये बोललो नाही. आपण उंबऱ्यात पिशवीकडे बघत राहिलात. मला वाटलं त्याला आणि यंत्राला, दोघांनाही परत पाठवणार. मग आपण म्हणालात की डबा दमट होईल, आधी तो आत दे.

आता ऑफिसचं. रजापुस्तकात खाडाखोड चालत नाही, तेव्हा आमच्या दप्तरी आपण मृतच राहाल. कृपया ऑफिसात फोन करू नये. त्याला कायम करण्याचं मार्चऐवजी सप्टेंबरात पाहू, एवढी शिक्षा मला द्यावीच लागेल. आणि एक. ही रजा एका नातेवाईकामागे एकदाच मिळते. आपण खरोखर जाल तेव्हा त्याला एक दिवसही देता येणार नाही. हे मी परवा त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्या टेबलासमोर रडला. आपल्याला भेटायचं ते आपण असतानाच, साध्या सुट्टीत, असं मी त्याला बजावलं आहे.

जाता जाता एक शंका. आमच्या टीव्हीला एकच यंत्र लावता येतं. कोणतं घ्यावं असं मी विचारलं तेव्हा आपण दोघांनी एकदम दोन नावं घेतलीत आणि पुढे तासभर माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सवडीने कळवावं.

आपला,
हिराबायाशी


ओजिया,
१२ जानेवारी

चि. तोमोनोरी यास,
अ. उ. आ.

हिराबायाशी साहेबांना होशिमारू घ्या म्हणून कळवलं. तू गिंगा म्हणून कळवलं असशील तर सप्टेंबर विसर.

तुझा डबा तू इथेच ठेवून गेलास. विसरलो म्हणू नकोस, विसरायची वस्तू कुणी कोटात गुंडाळून आणत नाही. मी त्याला वापरत नाही. आतून दमट होऊ नये म्हणून रोज तीन तास चालू ठेवते, एवढंच. तिसऱ्या गावातली विहिरीमागची भिंत पोकळ आहे. नकाशा काढून ठेवलाय, पण पोस्टाने पाठवणार नाही.

रजेचं साहेबांनी मलाही लिहिलं. म्हणजे मी गेले तर तुला यायला मिळणार नाही, तेव्हा मला जाता येत नाही. बरं बाबा, नाही जात. पेपरात आलंय की आठवा भाग तीन वर्षांनी येणार, तोवर तर मुळीच नाही. पण तूही आता मी मरायची वाट बघून येऊ नकोस. ११ फेब्रुवारी मंगळवार, सुट्टी आहे. कॅलेंडरवर खूण केली आहे. बोटं तुझी लागतील.

तुझी आत्या,
मिनेको

ता. क. : समुद्र आला तेव्हा मीही पाय वर घेतले. रेडिओवाल्यांना कळू देऊ नकोस.