बुधवार-शुक्रवारची सिस्टर

५ फेब्रुवारी, बुधवार
आज अकरा जण. चार ड्रेसिंग, पाच रक्ततपासण्या, दोघे नुसतेच बसून गेले. शिंप्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांच्या केंद्रात मी महिनाभरही टिकणार नाही असं वाटलं होतं. पाचवा महिना चालू आहे!

केमसेक्स हा शब्द मी साठीनंतर शिकले. नशा करून संग, तोही कधी दोन-दोन दिवस – ना झोप, ना पोटात अन्न. मग दंडावर गळवं, अंगात ताप. केंद्र चालवणारे स्वतः त्यातून गेलेले. काही अजून जातात. लपवत नाहीत. 'सोड' म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. जिवंत राहा, एवढंच. नियम एकच – नाव विचारायचं नाही, इथे पाहिलेल्याची बाहेर चर्चा नाही.

त्यांचा वेळेचा कागद मी नव्याने आखून दिला. काय घेतलं, किती वाजता – हे तिथल्या तिथे लिहायचं, म्हणजे भान सुटलं तरी घेतलेलंच पुन्हा घेतलं जात नाही. मी 'पाणी' आणि 'झोप' असे दोन रकाने वाढवले. सगळे ज्याला दाढी म्हणतात तो हसला. 'सिस्टर, हा तर तापाचा तक्ता!' मग? तापाच्या तक्त्यांनी माणसं जगवली आहेत.

एकाला झापलं. 'चार दिवस गळू घेऊन फिरतोस? मिरवणूक काढायची होती का त्याची?' तो म्हणाला, 'मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी लांबूनच पाहिलं.'
त्याला जवळ बसवून ड्रेसिंगला घेतलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
लांबूनच पाहिलं.
झोप नाही. लिहूनच टाकते. सहा वर्षांपूर्वी मुलगा असाच दोन दिवसांनी घरी आला. डोळे तारवटलेले, दंडावर सुईची खूण. जेवायला बसला आणि म्हणाला, 'आई, एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय.' मी उठले. हातमोजे घातले आणि त्याचं ताट उचललं. मी! ताटावाटीतून हा रोग पसरत नाही, हे नर्सिंगच्या मुलींच्या वीस तुकड्यांना शिकवलं मी! तो हातमोज्यांकडे बघत राहिला. मग बॅग भरली. नंबर बदलला.
शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आज तिघांना त्याचा फोटो दाखवला. दंडाला पट्टी बांधता बांधता, सहज विचारल्यासारखं – 'याला कुठे पाहिलंस का?' दोघांनी माना हलवल्या. तिसरा शर्टाची बाही खाली करत उठला. 'तुम्ही पोलिसांच्या का?'
मी हसण्यावारी नेलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
दोघेच आले.
मास्तरने दार लावून घेतलं. हा शाळेत गाणं शिकवतो आणि केंद्र सांभाळतो; वयाने माझ्या निम्मा. 'सिस्टर, उद्या कुणाची बायको फोटो घेऊन आली, कुणाचा बाप आला, तर आम्ही काय सांगायचं? सिस्टरना चालतं, तुम्हाला नाही?'
मी म्हटलं, 'मी आई आहे.'
'इथे येणाऱ्या प्रत्येकाला आई आहे. म्हणूनच ते लपून येतात.'
चाळीस वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी बोललं नव्हतं. आणि त्याचं चुकलेलं काहीच नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
त्यांच्या बैठकीत उभी राहिले. चूक सांगितली, माफी मागितली, राजीनामा पुढे केला.  मेट्रनसमोरही कधी माफी मागितली नव्हती.
 मग दाढी म्हणाला, 'ठेवून घेऊ या. आपल्याला रागावणारं तरी कोण आहे दुसरं?' हशा. हात वर झाले. मास्तरचा सगळ्यात शेवटी.
फोटो घरी कपाटात ठेवला. कपाट पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

५ मार्च, बुधवार
सात. बाही खाली करून गेलेलाही आला. म्हणाला, 'फोटो नाही ना आज?' म्हटलं, 'दंड दे इकडे, वात्रटा.'
माझ्या मुलासारखा उंच कोणी जिना चढून आला की अजून मान आपोआप वर होते. हे कुठल्या नियमात बसवायचं?

१२ मार्च, बुधवार
पुन्हा अकरा.
आवराआवर करताना मास्तर म्हणाला, एकाने सहा महिने गोळ्या सोडल्यात. ताप उतरत नाही, खोकला आहे, वजन घटलंय. दवाखान्याचं नाव काढलं की फोन ठेवतो.
'मग इथे आण! नाही तर पत्ता दे, मी जाते त्याच्या घरी. सहा महिने म्हणजे काय खेळ आहे?'
मास्तर जमिनीकडे बघत राहिला. 'विचारून सांगतो.'
असलं मिळमिळीत बोलणं मला खपत नाही. चांगलंच सुनावलं त्याला.

१४ मार्च, शुक्रवार
तो यायला तयार आहे. सिस्टर नसतील त्या दिवशी. त्या फोटोचं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.
मास्तरने नाव सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
आहे. याच गावात आहे!
माझ्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. बुधवारपासून माझ्या जागी ती येईल. तिचा हात हलका आहे.