आधी उभं, मग आडवं

यवतमाळ,
१९ ऑगस्ट

प्रिय भारत,

तीन वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी मी काय बोललो असतो देव जाणे. काल बसस्टँडवर वर्षावहिनी भेटल्या, घाटंजीच्या गाडीची वाट बघत होत्या. म्हणाल्या, भावजी, यायनं शाळेत गणित शिकवणं सोडलं, हेडमास्तरले सांगून भूगोल मागून घेतला, घरी पोरानं गणित विचारलं तर उठून बाहेर जातात. याडीच्या, तुझ्या आईच्या, तेराव्याला तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास, माह्याच गणितानं माही याडी मेली. मला वाटलं, दुःखातलं बोलणं आहे, चार दिवसांत निवळेल. साडेतीन महिने झाले लेका, निवळलं नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच, मधेच फाडू नकोस.

आठवतं का बे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझ्या लुनावर बसून आपण तुमच्या तांड्याभोवतीच्या विहिरी मोजत हिंडायचो? दोरीला लोखंडी नट बांधून विहिरीत सोडायचा, तू आकडा ओरडायचास, मी वहीत मांडायचो. उन्हानं टाळकं तापून जायचं. तुझी याडी दोरी हिसकावून घ्यायची. पयले जेवा, मंग मोजा! माझ्या घरी इतकं रागावून मला कुणी जेवू घातलं नाही. त्या आकड्यांवर तू फोर्ट्रानमध्ये प्रोग्राम लिहिलास. सगळ्या शिवाराच्या आठ बाय आठ चौकटी, आणि मे महिन्यात कोणत्या चौकटीत किती फुटांवर पाणी राहील त्याचा हिशेब. आम्हा बाकीच्यांचे प्रोजेक्ट रद्दीत गेले. तुझ्या प्रोग्रामचा अंदाज लागोपाठ तीन उन्हाळे खरा ठरला. तू गावी परत जाऊन मास्तर झालास तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. वर्गात माझ्या पुढे तूच होतास ना.

मग यंदा तांड्याची सामुदायिक विहीर मंजूर झाली. तू तांड्याच्या वरच्या अंगाला, ईशान्येला, जागा दाखवलीस. याडीही म्हणाली, लदेणीच्या काळी, बैलांवर माल लादून फिरायचो तवा, आपले बैल तिथंच पाणी पेत होते. पण फाइलला संगणकाचा रिपोर्ट लागतो, आणि असले रिपोर्ट करणं हाच माझा धंदा. मी तुझा प्रोग्राम एका अक्षराला हात न लावता आजच्या मशीनवर कंपाइल केला आणि पायथॉनमधून त्याला कॉल केला. म्हणजे आकडे माझ्या पायथॉननं पुरवायचे, गणित तुझ्या जुन्या फोर्ट्राननं करायचं. उत्तर आलं की तुझी जागा होळीलाच कोरडी पडेल, पाणी आहे ते नैऋत्येला, नाल्यापल्याड. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तू उठून एवढंच विचारलंस, साकेत, तक्ता उभा भरला का आडवा? माझं डोकंच फिरलं. भरसभेत हा मला शिकवतो! मी म्हटलं, मास्तर, प्रोग्राम तुमचाच आहे, तोच तुम्हाला खोटं पाडून राह्यला. लोक हसले. तांड्याचे प्रमुख, धनसिंग नाईकही हसले. तू खाली बसलास.

नाल्यापल्याड पस्तीस फूट खणलं, तरी दिवसाला दोन बादल्या गढूळ पाणी. तेवढ्यासाठी बाया पहाटेपासून रांग लावायच्या. बावीस एप्रिलला काठावरच्या मुरमाच्या ढिगावरून याडीचा पाय घसरला. पुढचं मी तुला काय सांगू?

आता नीट ऐक. फोर्ट्रान तक्ता उभा वाचतं, एक रकाना संपला की दुसरा. पायथॉन आडवा ठेवतं, ओळीमागून ओळ. एकाचा तक्ता दुसऱ्याच्या हाती देताना तो फिरवून द्यावा लागतो. मी दिला नाही. आठ बाय आठ, दोन्हीकडे सारखेच, म्हणून मशीननं हूं की चूं केलं नाही. फक्त ईशान्येच्या विहिरींचे आकडे नैऋत्येला गेले आणि तिकडचे इकडे आले. तुझ्या जुन्या प्रिंटआउटच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं तुझ्या अक्षरात लिहिलंय, आधी उभं, मग आडवं. मी ते पान न वाचता उलटलं होतं. तक्ता फिरवून पुन्हा चालवला. उत्तर आलं तुझीच जागा, अठरा फुटांवर पाणी. तुझ्या गणितात एका आकड्याचीही चूक नव्हती, भारत. चूक सगळी माझी होती.

इथं पत्र संपवावं असं फार वाटतंय. पण हे मला कधी कळलं ते सांगायचं राहिलंय, आणि त्याच्यासाठीच लिहायला बसलो. याडी गेल्यावर नाही कळलं. चार एप्रिलला कळलं, विहीर पंचवीस फुटांवर होती तेव्हा. वणीच्या एका कामासाठी तोच प्रोग्राम काढला होता. फोन हातात घेतला, तुझं नावही काढलं. मग सभेत मी काय बोललो होतो ते आठवलं, आणि म्हटलं, खणू दे आणखी दहा फूट. लागलंच पाणी तर कुणाला काही कळायचं नाही. अठरा दिवस मी गप्प बसलो. तेराव्याला तू ते बोललास तेव्हा मी तुझ्या शेजारी होतो, तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. हे पत्र वर्षावहिनींना दाखव, नाईकांना दाखव. पुढच्या ग्रामसभेत मी स्वतः येऊन ते वाचणार आहे, तू नको म्हणालास तरी. त्या दिवशी तू फक्त मान खाली घालून बसू नकोस.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क उरला नाही, तरी दुसरं काय लिहू,
साकेत