बस बंद पडली तेव्हा

ती. ताईला धाकटीचा नमस्कार,

मी बरी आहे, काळजी करू नकोस. सुटका जवळ आलेल्या बायकांसाठीचं हे घर खरंच घरासारखं आहे. खोलीची किल्ली माझ्याजवळच असते. दिवसा एकटी बाहेर शिवणाच्या दुकानात कामाला जाते आणि अंधार पडायच्या आत परत येते.

परवा येताना बस बंद पडली. उशीर झाला तर पळून गेली समजतील, पुन्हा मोठ्या तुरुंगात धाडतील, या धास्तीने मी चपला हातात घेऊन धावत सुटले. पोचले आणि बस बंद पडल्याचं सांगितलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "अगं, फोन करायचास ना! दिलाय कशाला मग?"

फोन पिशवीतच होता, ताई. मला आठवलाच नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले. बाहेर माझा निभाव लागेल ना गं?

भाऊजींचा खोकला थांबला का? औषध टाळत असतील, मला ठाऊक आहे.

रविवारी माझ्या पोरीला भेटायला आणतेस ना? ती तुला आई म्हणते, हे तू कधी लिहिलं नाहीस. पण गेल्या वेळी फोनवर तिची हाक ऐकू आली, तेव्हापासून झोप उडालीय. मला बघून ती तुझ्या पाठीमागे लपली, तर लपू दे. माझ्यासमोर तुला आई म्हणाली, तर तिला गप्प करू नकोस. मला मावशी म्हणाली, तरी मी ओ देईन.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी