बर्फावर काढलेले बूट

रेगेन्सबर्ग,
३ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

तुला आणि वैभवीवहिनीला नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. फोन असताना ही बया पत्र का लिहितेय असं म्हणशील, तर तुझ्यामुळेच. फोनवर तू "बरं बरं, वैभवीशी बोल" म्हणून मोकळा होतोस, आणि इकडे बाबा टीव्ही बघत असल्याचं दाखवत कान माझ्याकडे लावून बसतात. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागेल तुला.

बाबा मजेत आहेत. थोडी सर्दी झालीय, बाकी काही नाही. सकाळी बसने मार्केटात जातात, मासळीवाल्या बाईशी मराठीत घासाघीस करतात. भाव काही कमी होत नाही, पण ती आता त्यांना बघितलं की हसते. कुहू आजोबांशी जर्मनमध्ये बोलते, ते तिच्याशी आपल्या भाषेत बोलतात आणि दोघांचं भांडण अगदी व्यवस्थित चालतं.

मी मासे पकडायचा परवाना काढला, हे त्यांना इथे आल्यावर कळलं. त्यासाठी महिनाभर क्लासला जावं लागतं, मग लेखी परीक्षा, हे ऐकून ते इतके हसले की ठसका लागला. कोळ्याच्या पोरीने मासे धरायला परीक्षा दिली, हे गावात कुणालाही सांगू नकोस म्हणाले. तू मात्र खुशाल सांग. मी पहिल्याच फटक्यात पास झालेय.

टोबियास आणि मी इथल्या फेराइनचे, म्हणजे मासेमारांच्या मंडळाचे सभासद आहोत. डोंगराकडे मंडळाचं एक तळं आहे. थंडी चांगली पडली की ते गोठतं, मग त्याला भोक पाडून गळ सोडायचा. पण आधी बर्फ मोजायचा. गिरमिटाने भोक पाडायचं, आत पट्टी घालायची, पंधरा सेंटिमीटर भरलं तरच पाऊल टाकायचं. काळसर, काचेसारखा बर्फ चांगला. दुधाळ दिसला तर त्याचा निम्माच भरवसा. ओढा येऊन मिळतो तिथे आणि लव्हाळ्याजवळ तर जायचंच नाही. हे काम करणारे काका यंदा तापाने पडले आणि गिरमिट माझ्या हातात आलं. मी किती मिरवले असेन, तुला माहीतच आहे.

गुरुवारी मी मोजलं. तीन भोकं, सतरा, सोळा, सतरा. लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

शनिवारी आम्ही चौघं निघालो. बाबांनी एशियन शॉपमधून नारळ आणलेला होता. पाण्यात उतरायचं तर नारळ दिल्याशिवाय कसं, असं त्यांचं म्हणणं. अहो बाबा, हे पाणी गोठलंय, म्हटलं. तर म्हणाले, गोठलं म्हणून त्याचा मान गोठतो का? टोबियास "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं करत मान डोलवत होता. सासऱ्यांचं काहीही त्याला पटतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. शुक्रवारी तिथे वीतभर बर्फ पडला होता आणि हवाही जरा उबदार झाली होती. शनिवारी पुन्हा मोजायला हवं होतं. टोबियासने विचारलंही. मी म्हटलं, परवाच मोजलंय, चला. सगळं पांढरंशुभ्र आणि इतकं सुंदर होतं की गिरमिट पिशवीतून काढायचा मला कंटाळा आला. दादा, कंटाळा. दुसरं काही कारण नाही.

कुहू घसरगाडी ओढत पुढे गेली. तिच्यामागे मी, मग टोबियास, शेवटी बाबा. आणि बाबांनी काठावरच बूट काढले. देवाला नारळ देताना पायात बूट कसे चालतील? लोकरीच्या मोज्यांवर, हातात नारळ घेऊन, आमच्या पावलांत पाऊल टाकत ते येत होते. मी चिडले, न्यूमोनिया होईल म्हणून बोललेही. आठ-दहा पावलांवर ते थांबले.

"नैना, वरच्या बर्फाखाली पाणी आहे," ते म्हणाले. "मोजे भिजले."

मी म्हटलं, तुमच्या पायांच्या उबेने वितळलं असेल.

"माझे पाय एवढे गरम नाहीत."

क्लासमध्ये शिकवलं होतं रे हे. वर बर्फ साचला की त्याच्या वजनाने खालचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं, आणि ते वरून दिसत नाही. पायातल्या जाड बुटांमुळे आम्हा कुणालाच ते कळलं नव्हतं. आणि कुहू माझ्याही पुढे वीस पावलं गेली होती.

मी ओरडणार तेवढ्यात बाबांनी हात वर करून मला थांबवलं. नेहमी तिला जेवायला बोलावतात तशा आवाजात म्हणाले, "कुहू बाय, गाडी सोड तिथंच. वळ, आणि आलीस त्याच पावलांवरून सावकाश ये." ती "हो, आजोबा" म्हणाली आणि आली. आम्ही चौघं लांब लांब राहून काठावर आलो. मग टोबियासने पोटावर सरपटत जाऊन पहारेने ठोकून बघितलं. बाबा उभे होते त्याच्या थोडं पुढे पहार दुसऱ्या ठोक्याला आरपार गेली. घट्ट बर्फ सातच सेंटिमीटर, आणि तोही दुधाळ; बाकीचा पाण्याने भुसभुशीत झालेला. ग्रुपवर मी लगेच लिहिलं की कुणीही येऊ नका, चूक माझी आहे.

गाडीत बाबांचे पाय मी मांडीवर घेऊन चोळत होते आणि रडत होते. घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "तुझ्यावर मी ओरडलो नाही. मग त्याच्यावर का ओरडलो?"

कुणावर, ते मी विचारलं नाही. वादळाचा बावटा लागलेला असताना तू बोट काढलीस, दीड दिवसाने परत आलास, आणि साऱ्या बंदरासमोर ते तुला नाही नाही ते बोलले. त्याला चौदा महिने झाले, तेव्हापासून तुम्ही दोघं बोललेला नाहीत. मीही तेव्हा तुलाच शहाणपण शिकवलं होतं, एवढी अक्कल नाही का म्हणून. आता कळलं की अक्कल असते आणि तरी माणूस "चला" म्हणतो. मला माफ कर.

काल त्यांना म्हटलं, दादाला पत्र लिहितेय, काही लिहायचंय का? नको म्हणाले. अर्ध्या तासाने चष्मा घेऊन आले, मला उठवून खुर्चीत बसले. खालचं त्यांचं आहे. मी त्यातलं काही बदललेलं नाही.

तुझीच,
नैना

श्रीधर,
त्या दिवशी मी दीड दिवस जेटीवर उभा होतो. तू दिसलास तेव्हा तुला जवळ घ्यायचं होतं. लोक होते, म्हणून शिव्या दिल्या. सव्वीस तारखेला मी परत येतोय, विमानतळावर दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तू ये.
तुझा बाप