पहिल्या बोलीला हो

विहीणबाईंना नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची चौकशी मागाहून करते, आधी हे ऐका. तुम्ही मुलाला सगळं शिकवलंत, फक्त ‘नाही’ म्हणायला शिकवायचं राहिलं, आणि त्यापायी आता नोकरी जायची वेळ आलीय. लेकीला सातवा महिना, म्हणून दोघं माझ्याकडे आहेत, तर रोज डोळ्यांनी बघते. जावईबापूंचं काम आता काय, तर कॉम्प्युटरचे प्रोग्राम मशीनच लिहितं आणि हे समोर बसतात. मशीन विचारतं, “चालेल का?” हे म्हणतात, “हो.” (मशीन चांगलं मराठीत बोलतं. जावईबापूंना जेवायला काय करू विचारलं तर त्यालाही “हो”च.) महिनाअखेरीला माणसं कमी करणार आहेत. साहेब म्हणाला, नुसतं हो म्हणायला पगारी माणूस कशाला? मला ते पटलं, त्याचाच जास्त राग आला.

गेल्या आठवड्यात दोघं डॉक्टरकडे गेले, मशीन चालूच. मी फडकं मारत होते, तर विचारतं, “चालेल का?” मी म्हटलं, “नाही. नीट कर.” (मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जुन्या सामानाचं दुकान चालवते मी. पहिल्या बोलीला हो म्हटलं असतं तर दुकानच विकावं लागलं असतं.) तर ते म्हणालं, “तुमचं बरोबर आहे, माफ करा.” लग्न होऊन या घरात आल्यापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. फडकं टाकलं आणि खुर्ची ओढली. ते दाखवतंय, मी नाही म्हणतेय. शेवटी त्यानेच कबूल केलं, की कुठल्याशा दवाखान्यासाठी लिहिलेल्या त्या प्रोग्राममध्ये दोन पेशंटना एकच वेळ दिली जात होती. संध्याकाळी साहेबाचा फोन, असं खोदून बघणारा माणूसच आम्हाला हवा, रोज असंच जमेल ना? जावईबापू म्हणाले, “हो.”

तेव्हापासून दुपारी दुकान बंद ठेवून मी नाही म्हणायला बसते.

गुडघे बरे असतील. आमच्याकडे जिना नाही.

तुमची विहीण

ता. क. खरं ते लिहायचं राहिलं. मशीन इतकी गोड माफी मागतं, की मला त्याची दया यायला लागलीय. काल चक्क हो म्हणून बसले. तिथे तुमच्यासारखं माणूस हवं. लग्नपत्रिकेचा नमुना तुम्ही किती वेळा परत पाठवलात, ते छापखानेवाला अजून सांगतो. बाळ येईपर्यंत येऊन बसा.

ता. क. पुन्हा. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. तुमचं पहिलं उत्तर नाहीच असणार, तेव्हा ते बुधवारीच कळवून टाका.