प्रोजेक्टरखालचा शब्दकोश

सर, तुमचा तो जाडजूड इटालियन शब्दकोश सध्या माझ्या प्रोजेक्टरखाली असतो. प्रोजेक्टर नुसता टेबलावर ठेवला तर चित्र खाली पडतं आणि इटलीतली माणसं कमरेपासून खाली आमच्या दिवाणावर उमटतात. तुमचा शब्दकोश सरकवला की सगळं बरोबर भिंतीवर बसतं. हे बघून तुम्ही संतापला असतात आणि मी तुम्हाला खुशाल संतापू दिलं असतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आपलं भांडण मात्र मी एकटीनं चालू ठेवलंय.

तुम्ही उमेदीची वर्षं जहाज कंपनीच्या नोकरीत इटलीच्या बंदरांवर काढलीत आणि निवृत्त झाल्यावर ठाण्यातल्या कोपरीच्या घरात, पुढच्या खोलीत, रविवारी सकाळी आम्हा सात-आठ जणांना ती भाषा शिकवायला घेतलीत. पाट्या-पेन्सिली तेवढ्या नव्हत्या, बाकी सगळी मराठी शाळाच. तुम्ही म्हणायचं, आम्ही मागून एका सुरात म्हणायचं. इओ सोनो, तू सेइ. मी आहे, तू आहेस. शेजारच्या काकू गॅलरीत पापड वाळत घालता घालता विचारायच्या, "आज कितीचा पाढा हो?" सर म्हणतील ते जसंच्या तसं परत म्हणायचं, हा तुमचा एकच नियम, आणि त्यात मी पहिली. एकदा ऐकलेला उच्चार मी तस्सा काढून दाखवायचे. "पोपट आहे पोपट!" तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात आणि मी आठवडाभर त्या एका शब्दावर तरंगत असायचे. आमच्या घरी कौतुक करायची पद्धत नव्हती.

बाहेरच्या केंद्रावरच्या पहिल्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मला ताप आला, असा निरोप तुम्हाला गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही लोकल पकडून कोपरला आमच्या दोन खोल्यांत हजर. मी मे महिन्यात गोधडी पांघरून पडलेली. आईनं चहा टाकला, पण एरवी बोलघेवडी असलेली माझी आई त्या दिवशी तुमच्याकडे बघायलाही तयार नव्हती. तुम्ही उशाशी मोसंब्यांची पिशवी ठेवलीत आणि काखेतला शब्दकोश काढून माझ्या हातात दिलात. तुमचा स्वतःचा, समासात बारीक पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेला. "परीक्षा काय, पुन्हा येईल," म्हणालात, "तू फक्त बरी हो."

पुढच्या खेपेला मी पास झाले आणि काही वर्षांनी तुमच्याच वर्गात तुमच्या हाताखाली शिकवायला लागले. एका रविवारी तुम्ही दवाखान्यात गेलेला असताना मी पोरांना लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवत होते. बाजारात एक बाई मासेवाल्याशी घासाघीस करते, एवढंच. तुम्ही दारात कधी येऊन उभे राहिलात कळलं नाही. आत आलात, लॅपटॉप मिटलात आणि म्हणालात, "भाषा शिकवतेस की तमाशा दाखवतेस? जीभ घासल्याशिवाय भाषा येत नाही. अशानं हे सगळे नुसते बघे होतील." पोरांसमोर. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. माझ्याकडे उत्तर होतं, पुराव्यासकट होतं. मी मान खाली घालून पुस्तक उघडलं.

मध्यंतरी जवळपास तेच पुन्हा ऐकलं. ठाण्यातल्या ज्या क्लासमध्ये मी नऊ वर्षं शिकवत होते, तिथल्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "अगं, पालक विचारतात, व्हिडिओ तर मोबाइलवर फुकट दिसतात, मग क्लास कशाला? सोमवारपासून फक्त पुस्तक. नाहीतर पुढची बॅच तुला देता येणार नाही."

मी त्यांना सांगून पाहिलं. मी व्हिडिओ लावून चहा प्यायला जात नाही हो. आधी आवाज बंद करून दाखवते. ही माणसं कोण, कशावरून भांडतायत, हे वर्गानं मराठीत सांगायचं. मग आवाज. मग कुणी प्रश्न विचारला रे विचारला की मी चित्र थांबवते आणि ज्याच्याकडे बोट दाखवीन त्यानं भिंतीवरच्या माणसाला उत्तर द्यायचं. उत्तराऐवजी जो प्रश्नच परत म्हणेल त्यानं सगळ्या वर्गाला चहा पाजायचा. चुकलं तर चालेल, परत म्हटलेलं चालणार नाही. मॅडम म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं, पण सोमवारपासून पुस्तक."

सोमवारी मी व्हिडिओ लावला. मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. पहिल्या बाकावर शहाडच्या एक ताई होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. इटलीत म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचं काम त्यांना मिळतंय, पण तोंडी परीक्षेत दोनदा नापास. "टीचर, सगळं कळतं मला, पण समोरचा बघायला लागला की तोंडच उघडत नाय," असं रडकुंडीला येऊन सांगायच्या. भिंतीवर एक इटालियन आजी सुपाची वाटी ढकलून देत होती, नको म्हणत होती, कशाला खायचं, असं विचारत होती. मी चित्र थांबवलं आणि ताईंकडे बोट केलं. त्या मॅडमना विसरल्या, मला विसरल्या. पाच वर्षं अंथरुणावरच्या सासूचं केलेली बाई ती. खुर्ची पुढे ओढून भिंतीलाच म्हणाल्या, "सिन्योरा, आंकोरा दुए कुक्कियाइ, पॉय बास्ता!" आणि मग त्याच दमात मराठीत, "दोन चमचे घ्या ओ आई, मग नाय सांगणार." वर्ग हसला. मी नाही हसले. माझे डोळे भरून आले होते.

मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "छान झालं. पण आपलं ठरलं होतं ना?" मी म्हटलं, "तुमचं ठरलं होतं." आत गेले, माझा प्रोजेक्टर उचलला, खालचा शब्दकोश उचलला आणि निघाले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली, सर, तीही व्हिडिओपायी. नवरा म्हणाला, "आता काय करणार?" म्हटलं, भिंत आहे ना आपल्याकडे! त्या वर्गातल्या अकरापैकी सात जण आता कोपरला आमच्या घरी येतात. शहाडच्या ताई सगळ्यांत आधी येतात आणि चप्पल काढतानाच इटालियनमधून आजीची चौकशी करतात.

काल त्यांची परीक्षा झाली. बाहेर पडल्या पडल्या फोन. "टीचर, त्या बाईनं विचारलं, पेशंट जेवत नसेल तर काय कराल? मी बोलले ना! सगळं बोलले! तिला बोलूच दिलं नाय मी." निकाल अजून लागायचाय. लागेल तो लागो. त्यांनी प्रश्न परत म्हटला नाही, मला एवढं पुरे.

तुम्ही चुकलात, सर. जीभ घासून घासून तुम्ही आमची गुळगुळीत केलीत, पण बोलायची वेळ आली तेव्हा तिच्यावर आमचं स्वतःचं असं काही नव्हतं. हे मी कशावरून म्हणते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मला ताप नव्हता. मी परीक्षेला गेले होते. समोरच्या बाईंनी हसून विचारलं, "कोमे सि क्यामा?" तुझं नाव काय, एवढंच. आणि मी मान ताठ करून, अगदी तुमच्यासारख्या उच्चारात, म्हटलं, "कोमे सि क्यामा?" त्यांनी परत विचारलं. मी परत म्हटलं, आणखी स्वच्छ. मग शाबासकीची वाट बघत बसले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मग मला माझं नावही सांगता येईना. घरी येऊन आईला शपथ घातली आणि गोधडीत शिरले. दुसरी परीक्षा मी मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर, तुमच्यापासून चोरून व्हिडिओ बघून पास झाले.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लपवलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. पुढच्या रविवारी मला तुमच्या तोंडून पुन्हा पोपट ऐकायचं होतं.

हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. घडी घालून शब्दकोशात ठेवते, चित्र केसभर वर गेलं तर जाईल. आणि ती मोसंबी, सर, मी एकटीनं खाल्ली. भावाला एक फोडसुद्धा दिली नाही.